हजार डॉलरची सूट आणि शनिवारी येणारा भाचा

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो, ग्रीन कार्ड आहे. मार्च २०१७ ते एप्रिल २०२२ एका पेंटिंग कंपनीत पूर्णवेळ होतो. पहिलं वर्षभर हाताखाली, पुढे स्वतंत्रपणे. आता नोकरी दुसरीकडे आहे आणि शनिवार-रविवारी स्वतःची कामं घेतो : रंग आणि थोडं टाइल्सचं. बहुतेक कामं आपल्याच लोकांकडची, ७०० ते ३,००० डॉलरच्या आसपासची. शहराचं बिझनेस लायसन्स काढलेलं आहे. भाचा सॅन होजेला एमएस करतो, तो शनिवारी मदतीला येतो, त्याला रोख देतो. २०२५ पासून राज्याच्या कंत्राटदार लायसन्सशिवाय करता येणाऱ्या कामाची मर्यादा ५०० वरून १,००० डॉलर झाली म्हणतात, मग मला ते लायसन्स हवंच का? मित्र म्हणतात, २०२८ पासून एकट्या माणसालाही कामगार भरपाईचा विमा सक्तीचा होणार, तेव्हा लायसन्स म्हणजे पांढरा हत्ती. घ्यायचंच तर रंग आणि टाइल्स दोन्ही चालतील असं बी-२ वर्गाचं लायसन्स घ्यावं का? शिवाय एका गिऱ्हाइकाने ३,२०० च्या कामातले १,८०० अडवलेत. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, जाऊ का?
– एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे घाई केलीत तर ती सगळ्यात महाग पडेल. कोर्टात जाऊ नका. नोटीस नको, आणि घरावर लीन (थकलेल्या पैशांपोटी कायदेशीर बोजा) टाकायची धमकी तर मुळीच नको.

कॅलिफोर्नियाच्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम ७०३१ सांगतं की लायसन्स लागणारं काम ज्याने लायसन्सशिवाय केलं, त्याला त्या कामाच्या पैशांसाठी दावा लावता येत नाही. स्मॉल क्लेम्सही त्यात आलं. काम उत्तम झालं होतं, गिऱ्हाइकाला सगळं आधीपासून माहीत होतं, तोंडी कबुली होती, यातलं काहीही कामी येत नाही. त्याच कलमाची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. गिऱ्हाईकच उलट दावा लावून आजवर दिलेले पैसे परत मागू शकतं. म्हणजे तुम्हाला मिळालेले १,४०० सुद्धा. रंगाचे डबे, टेप, मजुरी यांची वजावट धरली जात नाही. त्यासाठी काम संपल्यापासून किंवा थांबल्यापासून एक वर्षाची मुदत असते. कायदा इथे जाणूनबुजून कठोर ठेवला आहे आणि न्यायालयांनीही तो सैल केलेला नाही. काम चालू असताना पूर्ण काळ लायसन्स हवं, त्यामुळे उद्या लायसन्स मिळालं तरी हे जुनं काम नियमित होणार नाही. एकदा समोर बसून, आवाज न चढवता विचारा. दिले तर घ्या. नाही दिले तर १,८०० वर पाणी सोडा.

आता त्या हजारच्या मर्यादेबद्दल. २०२४ मध्ये एबी २६२२ हे विधेयक मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२५ पासून किरकोळ कामाची सूट ५०० वरून १,००० डॉलरवर गेली, इथपर्यंत तुमचं ऐकलेलं बरोबर. पण व्हॉट्सॲपवर फिरलेल्या निरोपात फक्त आकडा होता, त्याला जोडलेल्या अटी नव्हत्या. मजुरी, सामान आणि बाकी सगळं मिळून कामाची किंमत १,००० पेक्षा कमी हवी, बरोब्बर १,००० झाली तरी तुम्ही बाहेर. कामाला बांधकाम परमिट लागत नसावं. आणि काम करायला किंवा हाताखाली दुसरा माणूस कामावर ठेवलेला नसावा. तिन्ही अटी एकदम पाळायच्या आहेत.

तुमच्या कामांना हे लावून बघा. एका बेडरूमच्या भिंती, एकट्याने, ६५० डॉलर : बसतं. तेच काम भाच्याला घेऊन ६५० ला : बसत नाही. तीन खोल्या तीन शनिवारी, तीन वेगळ्या बिलांवर, प्रत्येकी ८०० : बसत नाही, कारण मोठ्या कामाचे तुकडे पाडून सूट घेता येत नाही हे सवलतीच्याच कलमात लिहिलेलं आहे. सामान गिऱ्हाइकालाच होम डेपोतून आणायला लावून आपला आकडा खाली ठेवायचा, या क्लृप्तीवरही भिस्त ठेवू नका. परमिटची अट रंगकामात सहसा आडवी येत नाही. टाइल्सच्या कामात येते. बाथरूमची जुनी टाइल उखडल्यावर भिंतीतला शॉवरचा व्हॉल्व्ह ‘हातासरशी’ बदलून दिलात की बहुतेक शहरांत परमिटचं काम झालं आणि किंमत ४०० असली तरी सूट गेली. शिवाय ते प्लंबिंग, म्हणजे वेगळ्याच वर्गाचं काम. गिऱ्हाईक गळ घालेल, ‘एवढं करूनच टाका ना’ म्हणेल. तिथे नाही म्हणायचं.

या सवलतीत बसणारी कामं घेत असाल तर जाहिरातीत आपण लायसन्सधारक नाही हे लिहावं लागतं. महाराष्ट्र मंडळाच्या फेसबुक ग्रुपवर टाकलेली पोस्टही जाहिरातच. दर शनिवारी एकट्याने छोटी कामं करणाऱ्या माणसाला २०२५ च्या बदलाने खरंच मोकळीक दिली आहे. ३,००० पर्यंतची कामं मदतनीस घेऊन करणाऱ्याला त्याने काहीही दिलेलं नाही. २०२४ मध्ये तुम्ही जितके अडचणीत होता, तितकेच आजही आहात. लायसन्सशिवाय ठेका घेणं हा फौजदारी गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डाचं (सीएसएलबी) भरारी पथक, ज्याला स्विफ्ट म्हणतात, गिऱ्हाईक बनून अंदाजपत्रक मागवतं. त्याने सांगितलेल्या कामाला तुम्ही हजाराच्या वरचा आकडा दिलात की तेवढं पुरतं.

शहराचं बिझनेस लायसन्स भिंतीवर लावून निर्धास्त असलेले पुष्कळ लोक आहेत. ते कराचं कागदपत्र आहे. तुम्हाला रंगकाम येतं असं त्यात कुणीही म्हटलेलं नाही. कॅलिफोर्नियात बांधकाम कंत्राटदाराची पात्रता राज्य ठरवतं, म्हणजे सॅक्रॅमेंटोचं हेच सीएसएलबी. (दुसऱ्या राज्यांतल्या नातेवाइकांचा सल्ला इथे चालवू नका. टेक्सासात सर्वसाधारण कंत्राटदाराला राज्याचं लायसन्सच नाही, वीज, प्लंबिंग, एसी असे मोजके धंदे तेवढे धरलेत. फ्लोरिडात खास कामांची लायसन्सं काउंट्या देत आल्या, आणि २०२१ च्या कायद्याने तो अधिकार राज्याकडे ओढायला सुरुवात झाली. प्रत्येक ठिकाणचं गणित निराळं.)

भाच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तो एमएस करतोय म्हणजे बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असणार. तसं असेल तर तुमच्याकडचं रोखीचं काम हे कॅम्पसबाहेरचं विनापरवाना काम ठरतं आणि त्याचा विद्यार्थी दर्जा धोक्यात येतो. तुमचं नुकसान पैशांत मोजता येईल, त्याचं पुढच्या ओपीटीपर्यंत (शिक्षणानंतर काम करायची मुभा) आणि त्याहून पुढे जाईल. या शनिवारपासून थांबवा. तो एफ-१ वर नसेल, काम करायची मुभा असेल, तरी ‘घरचाच आहे’ म्हणून तो कामगार ठरायचा राहत नाही. त्याला १०९९ हा कराचा फॉर्म देऊन स्वतंत्र ठेकेदार दाखवण्याचा सल्ला कुणी देईल, तोही धुडकावा. लायसन्स लागणाऱ्या कामावर बिनलायसन्सचा माणूस घेतला की कामगार कायदा त्याला तुमचा नोकरच मानतो. मग कॅलिफोर्नियाच्या ईडीडीकडे (रोजगार खातं) मालक म्हणून नोंदणी (तिमाहीत १०० डॉलरहून जास्त पगार दिल्यापासून १५ दिवसांत), पगारपत्रक, आय-९ (काम करायची मुभा तपासायचा फॉर्म), आणि वर्कर्स कॉम्प म्हणजे कामगार भरपाईचा विमा हे सगळं आलं. शिडीवरून पडून मनगट मोडलं तर इस्पितळात पहिला प्रश्न ‘कामावर असताना का?’ हाच विचारतात.

लायसन्स घ्या, आणि सी-३३ घ्या, पेंटिंग अँड डेकोरेटिंगचं. बी-२ म्हणजे घरांच्या नूतनीकरणाचा वर्ग, २०२१ पासून सुरू झालेला. ‘सगळंच करता येईल’ या मोहाने अनेक जण त्यात शिरतात आणि अडकतात. बी-२ वाल्याला एका करारात किमान तीन वेगवेगळ्या धंद्यांची कामं असावी लागतात. नुसता दिवाणखाना रंगवायचा करार त्याला घेता येत नाही. तुमची तर बहुतेक कामं तशीच. टाइल्सचा सी-५४ हा वेगळा वर्ग. त्याचा अनुभव वेगळा दाखवावा लागतो आणि तेच महिने दोन वर्गांत मोजून चालत नाहीत. तेव्हा आधी सी-३३. टाइल्सची कामं तोवर बाजूला ठेवा किंवा सी-५४ वाल्याकडे पाठवा.

अर्जाला चार वर्षांचा कुशल कारागिराचा अनुभव लागतो, तोही गेल्या दहा वर्षांतला. तुमच्याकडे कागदावर पाच वर्षं दिसतात, पण हाताखालचं पहिलं वर्ष त्यात धरत नाहीत. उरतात साधारण एप्रिल २०१८ ते एप्रिल २०२२, म्हणजे जेमतेम चार. दहा वर्षांचा पट्टा रोज एक दिवस पुढे सरकतो आहे. एप्रिल २०२८ उलटला की सुरुवातीचे महिने गळायला लागतील आणि चार वर्षं भरणार नाहीत. ‘बघू पुढे’ म्हणण्याइतका अवकाश तुमच्याकडे नाही. २०२२ नंतरची शनिवार-रविवारची कामं अर्जात अनुभव म्हणून घालू नका. ती बिनलायसन्सची आहेत, आणि तुम्हाला त्यांची गरजही नाही. तुमच्याकडे सिव्हिलची चार वर्षांची पदवी असेल तर तो भाग निराळा. शिक्षणाचं श्रेय जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत मिळू शकतं, निदान एक वर्ष प्रत्यक्ष काम हवंच. पण त्यासाठी भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, वेळ जातो. अनुभवाचा रस्ता सरळ आहे.

अनुभवाच्या फॉर्मवर सही अशा माणसाची हवी ज्याने तुम्हाला काम करताना प्रत्यक्ष पाहिलं आहे. जुना मालक उत्तम. तो सही द्यायला कां कूं करत असेल (धंद्यात प्रतिस्पर्धी उभा राहतोय, तेव्हा करतातच) तर त्या काळातला सहकारी किंवा फोरमन चालतो. कामाचं वर्णन ‘पेंटिंग’ अशा एका शब्दात संपवू नका. जुना रंग खरवडणं, भेगा भरणं, सँडिंग, प्रायमर, ब्रश-रोलर-स्प्रे, आत आणि बाहेर, लाकडाला स्टेन, सामानाचा अंदाज, हे लिहा. काही अर्ज बोर्ड निवडून खोलात तपासतं. तेव्हा त्या वर्षांचे डब्ल्यू-२ (मालकाने दिलेले पगाराचे वार्षिक दाखले) आणि पगाराच्या पावत्या आधीच शोधून ठेवा.

इथे आपल्या लोकांचा एक हमखास घोळ होतो, तो नावाचा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे पूर्ण, डब्ल्यू-२ वर फक्त आद्याक्षर, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते गायब, आणि बाँडवर (लायसन्ससाठी द्यायच्या हमीपत्रावर) एजंटाने भलतंच स्पेलिंग टाकलेलं. बाँडवरचं नाव आणि अर्जातलं धंद्याचं नाव तंतोतंत जुळलं नाही तर बाँड परत येतो आणि लायसन्स अडकतं. सुरुवातीलाच एक रूप ठरवा आणि सगळीकडे तेच द्या.

खर्च असा. अर्जाची फी ४५०, परीक्षा पास झाल्यावर एकट्या मालकाच्या लायसन्सची फी २००. बोटांच्या ठशांचे राज्य आणि एफबीआय मिळून ४९, ठसे घेणाऱ्याची मजुरी वेगळी. ठसे आपणहून आधी द्यायला जाऊ नका, अर्ज स्वीकारल्यावर बोर्ड फॉर्म पाठवतं, तोच न्यायचा. परीक्षा दोन : एक कायदा आणि व्यवसायाची, एक रंगकामाची, दोन्ही बहुपर्यायी. चांगले कारागीर पहिल्या पेपरात आपटतात. लीनच्या मुदती, कराराचे नियम, कामगार कायदा या गोष्टी ब्रश चालवून येत नाहीत, वाचाव्याच लागतात. अर्ज स्वीकारल्यापासून १८ महिन्यांत दोन्ही पार करायच्या, नाहीतर अर्ज बाद होतो. अॅस्बेस्टॉसची एक पुस्तक उघडून द्यायची परीक्षाही आहे, ती औपचारिकता.

मग बाँड. १ जानेवारी २०२३ पासून तो १५,००० वरून २५,००० डॉलरचा झाला. तुम्ही २५,००० भरायचे नाहीत. वर्षाचा हप्ता भरायचा, आणि क्रेडिट चांगलं असेल तर तो काहीशे डॉलरांत बसतो. पण बाँडला विमा समजू नका. गिऱ्हाइकाची तक्रार खरी ठरून बाँड कंपनीने त्याला पैसे दिले, तर तीच कंपनी ते तुमच्याकडून वसूल करते. तुमच्या हातून सांडलेल्या रंगाने कुणाचा गालिचा खराब झाला तर उपयोगी पडतो तो लायबिलिटी विमा. एकट्या मालकाला तो कायद्याने सक्तीचा नाही, आमच्या मते तरी घ्यावा.

२०२८ च्या विम्याबद्दल मित्रांनी तुम्हाला उगाच घाबरवलेलं नाही, पण निष्कर्ष उलटा काढला. २०२२ च्या एसबी २१६ या कायद्याने आधी काँक्रीट, एसी-हीटिंग, अॅस्बेस्टॉस काढणारे आणि झाडं तोडणारे यांना १ जानेवारी २०२३ पासून कामगार असोत-नसोत वर्कर्स कॉम्प सक्तीचं केलं. छप्परवाल्यांना ते आधीपासूनच होतं. कारण उघड आहे : एकटा माणूस छप्पर घालत नाही, तरी ‘माझ्याकडे कामगार नाहीत’ असं लिहून देणारे भरपूर होते. बाकी सगळ्या वर्गांसाठी तारीख १ जानेवारी २०२६ होती, ती २०२४ मध्ये १ जानेवारी २०२८ वर ढकलली गेली. एकदा हललेली तारीख पुन्हा हलू शकते, म्हणून दर दोन वर्षांनी नूतनीकरण करताना बोर्डाच्या साइटवर बघा. सक्ती लागू होईपर्यंत, खरोखर एकटे काम करत असाल तर, सी-३३ ला सूटपत्र भरून देता येतं. मात्र ते भरून भाच्याला शनिवारी नेलंत तर ती खोटी घोषणा ठरते आणि लायसन्सवर कारवाई होते. विमा घ्यायची वेळ आली तर हप्ता पगाराच्या प्रमाणात लागतो. कॅलिफोर्नियात पेंटिंगचे दोन वर्ग आहेत, ५४७४ आणि ५४८२, कामगाराच्या तासाच्या दरावर कोणता लागेल ते ठरतं. जास्त दराच्या वर्गाला हप्त्याचा टक्का कमी असतो. कोटेशन मागताना हे विचारा, एजंट आपणहून सांगेलच असं नाही. खासगी कंपन्या छोट्या पेंटरला नाही म्हणाल्या तर स्टेट कॉम्पेन्सेशन इन्शुरन्स फंड आहे.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. १९७८ च्या आधीच्या घरात रंगाचं काम पैसे घेऊन करणाऱ्याला ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेचा शिशाच्या रंगाचा नियम लागतो, राज्याचं लायसन्स असो वा नसो. फ्रीमाँट, हेवर्ड, सॅन होजेतली कितीतरी घरं त्याआधीची आहेत. आत एका खोलीत ६ चौरस फुटांपेक्षा जास्त किंवा बाहेर २० पेक्षा जास्त रंग खरवडला जाणार असेल तर फर्मची नोंदणी आणि ८ तासांचा कोर्स केलेला माणूस लागतो. काम सुरू करण्याआधी घरमालकाला ‘रिनोव्हेट राइट’ ही पुस्तिका द्यायची आणि पोच घ्यायची. आत कामाच्या जागेपासून निदान ६ फूट, बाहेर निदान १० फूट प्लॅस्टिक अंथरायचं. ज्योतीने रंग जाळायचा नाही, हेपा (बारीक धूळ अडवणारा) फिल्टर नसलेल्या यंत्राने सँडिंग करायचं नाही. हा कोर्स अर्जाची वाट बघत असतानाच उरकून घ्या.

लायसन्स हाती आल्यावर निम्मे पैसे आधी घ्यायची पद्धत असेल तर ती बंद करावी लागेल. घराच्या कामात आगाऊ रक्कम कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी कमी असेल तेवढीच घेता येते. ३,२०० च्या कामाला ३२०. पुढचे हप्ते झालेल्या कामाच्या आणि आलेल्या सामानाच्या किमतीपेक्षा पुढे जाता कामा नयेत. करार लेखी हवा, त्यात लायसन्स क्रमांक हवा, आणि गिऱ्हाइकाला तो तीन दिवसांत रद्द करायचा हक्क असतो, ६५ किंवा त्याहून मोठ्या वयाच्या माणसाला पाच दिवस. ते दिवस सरेपर्यंत भिंतीला हात लावू नका. आणि हप्ते खोलीनिहाय पाडा : एक खोली पुरी झाली, दाखवली, तिचे पैसे घेतले, मग पुढची. पुढे कुणी अडवून धरलंच तर अडकेल ते एका खोलीपुरतं, आणि तेव्हा स्मॉल क्लेम्सचा दरवाजा तुम्हाला उघडा असेल.